घोड्याला पळवणारी लाट

पाणचक्कीच्या हौदात वरून पाणी कोसळताना पाहिलंय ना? धार पडते तिथे लाटा उठतात, पसरतात आणि काठाला येईतो पार मवाळ होतात. लाट म्हटली की विरायचीच!

पण १८३४ सालच्या ऑगस्टमध्ये एक लाट विरायला तयारच होईना. स्कॉटलंडमध्ये, एडिनबरोजवळच्या कालव्यात दोन घोडे एक नाव ओढत होते. जॉन स्कॉट रसेल हे तरुण इंजिनिअर काठावरून पाहत होते. नाव अचानक थांबली. तिच्यापुढे साचलेलं पाणी मात्र थांबेना! त्याचा गोल, गुळगुळीत उंचवटा झाला आणि तो एकटाच पुढे निघाला. लांबी सुमारे ९ मीटर, उंची फूट-दीड फूट, वेग ताशी १३-१४ किलोमीटर. रसेल घोड्यावरून त्याच्या मागे! दोनेक किलोमीटरनंतर कालव्याच्या वळणांत तो दिसेनासा झाला.

आपल्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. तशी लाट त्याच वेगानं, कुठेही न अडता धावली, तर टोक गाठायला तिला जेमतेम १५ तास लागतील!

मग रसेलची लाट का विरली नाही? लाटेला दोन खोडी असतात. पहिली, पसरण्याची. लाटेच्या ढिगात लांब-आखूड लाटा मिसळलेल्या असतात. लांब पुढे पळतात, आखूड मागे रेंगाळतात आणि ढीग विस्कटतो. दुसरी खोड, माथ्याच्या घाईची. उंच पाणी जास्त वेगानं सरकतं. समुद्रकिनाऱ्यावर लाटेचा माथा पुढे वाकून फुटतो, तो या घाईमुळेच. रसेलच्या लाटेत या दोघींची रस्सीखेच बरोबरीत सुटली. म्हणून लाट ना विस्कटली, ना फुटली.

घरी हौद बांधून रसेलनी आणखी एक गंमत शोधली. लाट जितकी उंच, तितकी वेगवान. दोन पेढे दहा रुपयांना, तर चार वीसला. असा सरळ हिशेब इथे चालत नाही; लाटेची उंची वाढवली की तिची चालही बदलते. अशा वाकड्या हिशेबाच्या समीकरणांना गणितात ‘अरेषीय’ म्हणतात. या लाटेचं समीकरण कोर्टवेग आणि द व्रीस या डच गणितज्ञांनी १८९५मध्ये मांडलं.

१९६५मध्ये पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली. त्याच वर्षी अमेरिकेत झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी संगणकावर अशा लाटांची शर्यत लावली. उंच लाटेनं बुटकीला गाठलं, दोघी एकमेकींत शिरल्या आणि जशाच्या तशा बाहेर आल्या! अशा लाटांना त्यांनी नाव दिलं ‘सॉलिटॉन’. पुढे काचेच्या तंतूंतून प्रकाशाचेही सॉलिटॉन धाडता आले.

आता तुमची पाळी. प्रयोग गच्चीवरच हं, कालव्याकाठी मुळीच नाही! तीन मीटरची पन्हळ घ्या, दोन्ही टोकं बंद करा आणि आत ५ सेंटीमीटर पाणी भरा. एका टोकाला फळी बुडवून पाणी एकदाच पुढे लोटा. उंचवटा चारेक सेकंदांत पलीकडे पोचेल. पाणी वाढवलंत की वेगही वाढेल, मोजून पाहा.

आणि बंद टोकावर आपटल्यावर लाट काय करते? छे, ते मी नाही सांगणार!