छोट्या लाईनचे प्रवासी

२०२५ च्या दिवाळीत नातू नागपूरहून गोंदियाला आला, तो फराळाच्या डब्यांकडे न पाहता थेट माझ्या टेबलाशी गेला. संगणक चालू करून त्याने दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि नाडी पाहून डॉक्टर हलवतात तशी मान हलवली.

“आबाजी, तुमच्या विंडोज टेनचे दिवस भरले. चौदा ऑक्टोबरला कंपनीनं त्याची नेहमीची दुरुस्ती बंद केली. आणि इलेव्हन तुमच्या या डब्यावर चढत नाही.”

“मग काय, भंगारात द्यायचा?” माझा जीव वरखाली झाला. बँकेतून निवृत्त झाल्यावर याच ‘डब्या’वर मी दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत.

“भंगारात कशाला? लिनक्स टाकून देतो न. फुकट आहे.”

तासाभरात त्याने ते करून दाखवले. मराठी अक्षरे उमटली, छपाई झाली, म्हातारा संगणक पूर्वीपेक्षा चपळ चालू लागला. मी खूष होऊन विचारले, “तुझ्या स्वतःच्या संगणकावरही हेच असेल?”

“नाही. विंडोज.”

“काहून?”

“गेम, आबाजी. माझे सगळे मित्र ज्या गेममध्ये भेटतात, ती लिनक्सवर चालत नाही.”

म्हणजे आजोबाला जे घर त्याने बांधून दिले, त्यात तो स्वतः राहायला तयार नव्हता! मला हसू आले, पण प्रश्न मनातून जाईना. खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनी लिनक्ससाठीही आपले खेळ काढावेत की नाही? साठी उलटलेल्या माणसाने या पोरखेळात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण पोरे जिथे खेळतात तिथेच ती राहतात, आणि जिथे राहतात तिथलीच होतात. म्हणून हा विषय घरातल्या मोठ्यांचाही आहे.

लिनक्सची जन्मकथा अनेकांना ठाऊक असेल. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ते लिहायला घेतले आणि त्याचे सारे ‘आतले’ जगापुढे उघडे ठेवले. कोणीही वाचावे, सुधारावे, वाटावे. आज जगातील मोठमोठे संगणक त्यावर चालतात. गंमत म्हणजे नातवाच्या खिशातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच गाभ्यावर उभा आहे. फक्त घरातल्या टेबलावर ते बिचारे अजून पाहुण्यासारखे वावरते.

असे का, हे गोंदियाच्या माणसाला समजावून सांगायला वेळ लागत नाही. आमच्या लहानपणी या स्टेशनात दोन लाईनी भेटत. मुंबई-हावडा मार्गाची ‘बडी लाईन’, रुळांमधले अंतर साडेपाच फूट. आणि बालाघाट, नैनपूरवरून जबलपूरकडे जाणारी ‘छोटी लाईन’, अंतर अडीच फूट. माणसे तीच, माल तोच, पण एका लाईनीचा डबा दुसरीवर चालणे शक्य नव्हते. जबलपूरकडून आलेल्या माणसाने इथे उतरावे, ट्रंका-वळकट्या डोक्यावर घ्याव्यात आणि दुसऱ्या फलाटावर जावे. मालाची पोती हमालांनी एका वॅगनीतून दुसऱ्या वॅगनीत टाकावीत. विंडोजसाठी बनवलेला खेळ हा बड्या लाईनीचा डबा आहे. लिनक्सचे रूळ मजबूत आहेत, पण त्यांचे माप वेगळे.

आता कंपन्यांची बाजू. मी आयुष्यभर खतावण्या पाहिल्या आहेत, तेव्हा आधी हिशेब. स्टीम हे संगणकावरील खेळांचे जगातले सर्वात मोठे दुकान. त्याच्या मासिक पाहणीत लिनक्स वापरणाऱ्यांचा वाटा २०२५ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा तीन टक्क्यांच्या वर गेला. शंभरात तीन गिऱ्हाइके! त्यांच्यासाठी वेगळी आवृत्ती लिहायची, लिनक्सच्या अनेक वाणांवर ती तपासायची, तक्रारी आल्या तर निस्तरायच्या. रॉकेट लीग या मोटारींच्या फुटबॉलच्या खेळाने लिनक्सची आवृत्ती काढली होती. मार्च २०२० मध्ये ती बंद केली. मॅक आणि लिनक्स मिळून खेळणारे हजारात तीनही नाहीत, हे त्यांनी दिलेले कारण.

त्याही आधी कॅलिफोर्नियात लोकी नावाची कंपनी १९९८ साली निघाली होती. इतरांचे गाजलेले खेळ परवानगीने लिनक्सवर आणणे एवढाच तिचा धंदा. काम चोख होते, पण गिऱ्हाईक पुरले नाही. जानेवारी २००२ मध्ये तिला टाळे लागले.

आपल्या पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्स या लहानशा स्टुडिओने २०२० साली ‘राजी’ हा खेळ आणला. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, आपली मंदिरे, आपले देव-दानव, असा त्याचा थाट. तो विंडोजवर आणि खास खेळण्याच्या यंत्रांवर निघाला, लिनक्सची वेगळी आवृत्ती नाही. मोजक्या माणसांनी कष्टाने उभ्या केलेल्या अशा स्टुडिओला “आमच्या तीन टक्क्यांसाठी आणखी एक आवृत्ती काढा” असे दरडावणे मला अन्यायाचे वाटते. कर्ज मागायला आलेल्या छोट्या गिरणीवाल्याला मी तसा सल्ला दिला नसता.

पण खतावणीला दुसरे पानही असते. मे २०१० मध्ये परदेशातल्या काही स्वतंत्र स्टुडिओंनी आपल्या खेळांची एक गाठोडी विकायला काढली. किंमत गिऱ्हाइकाने स्वतः ठरवायची. हिशेब जाहीर झाला तेव्हा दिसले की लिनक्सवाल्यांनी सरासरीने विंडोजवाल्यांपेक्षा जास्त पैसे मोजले होते. फुकटच्या प्रणालीची माणसे फुकटी नव्हती. बुडालेल्या लोकीचे सगळेच बुडाले असेही नाही. तिथल्या सॅम लँटिंगा या प्रोग्रॅमरने उभारलेले एसडीएल नावाचे अवजार आजही असंख्य खेळांत वापरले जाते. धंदा गेला, पण वाट पडून राहिली.

त्या वाटेने मग एक बडा असामी चालला. स्टीम दुकानाची मालक व्हॉल्व्ह ही अमेरिकन कंपनी. सारा व्यापार एकट्या मायक्रोसॉफ्टच्या अंगणात आहे, उद्या त्याने फाटक लावले तर, ही धास्ती २०१२ मध्ये व्हॉल्व्हच्या प्रमुखांनी उघड बोलून दाखवली. २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले. २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी खेळयंत्रे बाजारात आली आणि सपशेल पडली, कारण खेळच पुरेसे नव्हते. तेव्हा कंपनीने विचार उलटा केला. स्टुडिओंना नवे डबे बांधायला सांगण्यापेक्षा माल उतरवून घेणारे चांगले हमाल का नेमू नयेत?

ऑगस्ट २०१८ मध्ये आलेला ‘प्रोटॉन’ हाच तो हमाल. वाइन नावाच्या, १९९३ पासून स्वयंसेवकांनी जोपासलेल्या प्रकल्पावर तो आधारलेला आहे. खेळ विंडोजच्या भाषेत हुकूम सोडतो, प्रोटॉन ते जागच्या जागी लिनक्सच्या भाषेत फिरवतो. तेही इतक्या वेगाने की खेळणाऱ्याला गाडी बदलल्याचे कळतही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेले स्टीम डेक हे हातात धरायचे यंत्र याच युक्तीवर चालते. विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ आज लिनक्सवर चालतात, आणि त्यांच्या स्टुडिओंना त्यासाठी वेगळी आवृत्ती लिहावी लागलेली नाही.

मग नातवाचे अडले कुठे? मी त्याला तेच विचारले.

“व्हॅलोरंटमध्ये चीटिंग पकडणारा पहारेकरी असतो, आबाजी. तो विंडोजच्या पार आत जाऊन बसतो. लिनक्सवर तो बसतच नाही. मग गेम उघडत नाही.”

म्हणजे ही सीलबंद वॅगन. हमाल तयार आहे, पण सीलला हात लावायची त्याला परवानगी नाही. इथे कंपन्यांची अडचण मी नाकारत नाही. लबाडीने प्रामाणिक मुलांचा खेळ नासतो, आणि ज्या प्रणालीचा गाभाच कोणालाही बदलता येतो, तिथे पहाऱ्यावर विसंबणे अवघड असते. पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी सोय करून दिली. ती वापरायची की नाही हे खेळाचा मालक ठरवतो. जीटीए ऑनलाइनवर २०२४ साली बॅटलआय बसले आणि लिनक्सवाले बाहेर राहिले. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर चालत होता, त्याचे दार त्याच वर्षी लबाडीचे कारण देऊन बंद झाले. उलट काउंटर-स्ट्राइक आणि डोटा हे चुरशीचे खेळ व्हॉल्व्ह स्वतः लिनक्सवर देते. तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. कठीण आहे म्हणावे.

या ‘परवडत नाही’ शब्दापाशी मला माझीच एक जुनी चूक आठवते. नोकरीच्या सुरुवातीला मी आडगावच्या एका शाखेत होतो. तेंदूपानाची मजुरी संपवून एक बाई खाते उघडायला आली. पदराच्या गाठीत थोडेसे पैसे. काउंटरवर गर्दी होती, आणि अशा खात्याचा कागदाचा खर्चही निघत नाही हे आम्हाला पाठ होते. मी म्हणालो, “बाई, धान निघाल्यावर या.” ती बरं म्हणून गेली. धान निघाले, पण ती आली नाही. हिशेबात मी चुकलो नव्हतो. पण बँका १९६९ साली सरकारने ज्या माणसांसाठी ताब्यात घेतल्या, त्यांतलेच एक माणूस मी दारातून परत पाठवले होते.

पुढे २००६ पासून बँकांना गावोगाव प्रतिनिधी नेमता येऊ लागले. आज ज्याला आपण बँक मित्र म्हणतो, तो हातातले छोटे यंत्र घेऊन पाड्यापर्यंत जातो. प्रत्येक पाड्यात शाखा बांधावी लागली नाही. आलेल्या माणसाला दारातून परत न पाठवणे, एवढे पुरले.

खेळांच्या कंपन्यांकडे माझे मागणे तेवढेच आहे. प्रत्येकाने लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढावी, हा हट्ट सोडावा. बड्या कंपन्यांनी मात्र खेळ बाजारात आणण्याआधी तो प्रोटॉनवर चालवून पाहावा. पहारेकऱ्याकडे सोय असेल तर ती वापरावी. आणि आज चालणारा खेळ उद्या बंद करायचा असेल, तर ज्याने पैसे मोजले त्याला ते परत द्यावेत.

एका ठिकाणी मात्र मी अधिक कडक आहे. मुलांच्या शिक्षणासाठी सरकारी पैशातून जो खेळ बनेल, तो लिनक्सवर चाललाच पाहिजे. २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातील खैराट या छोट्या गावच्या शाळेत मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले होते. ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा तो भारतातला प्रयोग. ती यंत्रे लिनक्सवरच चालत, आणि मुले चित्रे काढत, जोड्या लावत शिकत. केरळच्या सरकारी शाळांनी तर संगणक शिक्षणाचा सारा संसारच मुक्त प्रणालीवर मांडला आहे. जीकॉम्प्री नावाचा, २००० साली फ्रान्समध्ये सुरू झालेला मुलांच्या खेळांचा मुक्त संच आहे. त्यासाठी कोणीतरी मराठी आवाजही ध्वनिमुद्रित करून ठेवले होते, एक पैसा न घेता.

हा संच आणि एक मोटारींच्या शर्यतीचा मुक्त खेळ नातवाने आमच्या गावच्या वाचनालयातील चार जुन्या संगणकांवरही टाकून दिला. लहान मुले आजही रांग लावतात. मोठी मुले आठवडाभर आली, “याच्यात ती गेम नाही का?” असे विचारून पुन्हा फोनकडे वळली. ते जुने संगणक नवे भारी खेळ पेलू शकले नसते, हे खरे. पण दहा वर्षांपूर्वीचे साधे, सुंदर खेळ त्यांनी सहज पेलले असते. ती मुले थांबली असती, तर त्यांतल्या एखाद्याने उद्या खेळाचे आतले उघडून पाहिले असते. लिनक्सचा खरा नफा तिथे आहे, आणि तो कोणाच्याच खतावणीत दिसत नाही.

परवा नातवाचा फोन आला. त्याने आपल्या संगणकाचे दोन भाग केलेत. आठवडाभर लिनक्स, आणि रविवारी मित्रांसाठी विंडोज.

“म्हणजे तू गोंदियाला गाडी बदलतोस,” मी म्हणालो. छोट्या लाईनीची गोष्ट त्याला ठाऊक आहे.

“हो न. पण आबाजी, जबलपूरपर्यंत सगळी लाईन एक व्हायला किती वर्षं लागली?”

“शंभराच्या वर.”

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “इतकी वाट मी नाही पाहणार हं.”