आधी वसतिगृह, मग शाळा

दहावीचा निकाल लागला की गावोगावच्या हायस्कुलांपुढे फलक लागतात: निकाल शंभर टक्के, पहिले तीन विद्यार्थी, त्यांचे गुण. हा आनंद खराच आहे. पण खेड्यातल्या हायस्कुलाचं खरं काम ज्या दोन आकड्यांत दिसतं, ते फलकावर कधीच येत नाहीत. पाचवीत दाखल झालेल्यांपैकी किती जण दहावीच्या परीक्षेला बसले, हा एक. आणि पास झालेल्यांपैकी किती जण ऑगस्ट महिन्यात अकरावीच्या, आयटीआयच्या किंवा पदविकेच्या वर्गात बसलेले आहेत, हा दुसरा. शिकवणं या दोन आकड्यांच्या मधे होतं. गळती मात्र त्यांच्या दोन्ही टोकांना होते, आणि तिची कारणं बहुतेक वेळा पुस्तकाबाहेरची असतात. एस.टी.ची वेळ, राहायची जागा, एखादा दाखला, घरातलं लग्न, उसाचा हंगाम.

हे महाराष्ट्रात फार आधी ज्यांनी ओळखलं आणि आयुष्य त्याला दिलं, ते कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची ओळख आज तिच्या आकाराने होते. चारशेहून जास्त माध्यमिक शाळा आणि चाळीसच्या वर महाविद्यालयं. पण मला तिच्या आकारापेक्षा तिचा क्रम जास्त महत्त्वाचा वाटतो. संस्था स्थापन झाली 4 ऑक्टोबर 1919 रोजी, कराड तालुक्यातल्या काले या गावी. साताऱ्यात तिचं वसतिगृह उभं राहिलं 1924 साली. आणि साताऱ्यातलं तिचं पहिलं हायस्कूल, महाराजा सयाजीराव हायस्कूल, सुरू झालं 1940 साली. म्हणजे मुलांच्या जेवणा-राहण्याची सोय आधी झाली आणि हायस्कुलाची इमारत सोळा वर्षांनी आली.

हा क्रम योगायोगाने ठरला नव्हता. त्या काळी इंग्रजी शाळा जिल्ह्याच्या किंवा संस्थानाच्या गावी असायची. खेड्यातून तिथे जाणाऱ्या ब्राह्मण मुलाला वार लावून जेवायची तरी सोय होती. आठवड्याचे सात दिवस सात घरी पान वाढलेलं मिळायचं. मराठा, माळी, धनगर, जैन, मुसलमान शेतकऱ्याच्या पोराला असा आधार नव्हता, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर पैसे देऊनही खोली मिळत नव्हती. शाळेचं दार कागदोपत्री उघडं होतं, पण रात्री पाठ टेकायला जागा नव्हती. भाऊराव स्वतः याच वाटेने गेलेले. 1887 साली कुंभोजला जन्म, शिक्षणासाठी कोल्हापूरचं राजाराम हायस्कूल आणि तिथलं जैन बोर्डिंग. त्यांचं स्वतःचं शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोचलं नाही. पुढे ओगले काच कारखाना आणि किर्लोस्कर यांच्या मालाचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्याचं घर आतून कसं चालतं, पैसा कुठल्या महिन्यात असतो आणि कुठल्या महिन्यात नसतो, हे त्या फिरतीत त्यांना पाठ झालं असणार.

साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये सर्व जातींची मुलं एका पंगतीला बसत. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणं ही कामं वाटून घेतलेली. महात्मा गांधींच्या हस्ते 1927 मध्ये त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. पण बोर्डिंगच्या इतिहासातली सगळ्यात मोठी नोंद भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची आहे. भाऊराव फिरतीवर असायचे आणि घरात ही सगळी पोरं. धान्य संपलं की दागिना मोडायचा, असं करत करत शेवटी त्यांनी मंगळसूत्रही मोडलं. जैन घरातली, सोवळ्या-ओवळ्यात वाढलेली ही बाई सगळ्या जातींच्या मुलांची आई झाली आणि 1930 साली गेली. तिने मोडलेल्या सोन्यावर किती मुलं पुढे मॅट्रिक झाली, याचा हिशेब मांडणं शक्य नाही. तरी ग्रामीण शिक्षणाच्या प्रत्येक अंदाजपत्रकात तिचं नाव वर लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या घडामोडी बघताना एक गोष्ट लक्षात येते. जिथे मुलं गळत होती, तिथे भाऊराव नवी पायरी घालत गेले. बोर्डिंग उभं राहिलं, पण खेड्यात प्राथमिक शाळाच नसेल तर बोर्डिंगपर्यंत मूल पोचणार कसं? म्हणून गावोगाव व्हॉलंटरी शाळा निघाल्या. त्यांची संख्या 578 पर्यंत गेली. देऊळ, चावडी, जिथे जागा मिळेल तिथे या शाळा भरत. त्यांना शिक्षक लागणार, आणि शहरातला शिक्षक वाडीवर टिकत नाही. म्हणून 1935 साली साताऱ्यात शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय निघालं. पंचम जॉर्जच्या कारकिर्दीचं ते रौप्यमहोत्सवी वर्ष असल्याने त्याचं नाव सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज असं ठेवलं गेलं. खेड्यातलीच मुलं शिकून खेड्यात शिक्षक म्हणून परत जाऊ लागली. मग 1940 चं हायस्कूल आलं. हायस्कुलातून मॅट्रिक झालेला मुलगा पुण्या-मुंबईला किंवा कोल्हापूरला जाऊ शकत नाही हे दिसल्यावर 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडलं, आणि 1954 मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. गाडगेबाबा तेव्हा हयात होते. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ 101 हायस्कुलं काढायचा संकल्प केला. महात्मा गांधी विद्यालय हे नाव पश्चिम महाराष्ट्रातल्या इतक्या गावांत दिसतं, त्याचं मूळ या संकल्पात आहे.

सयाजीराव हायस्कूल आणि शिवाजी कॉलेज या दोन्ही ठिकाणी ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व पायाशी होतं. मुलाने रोज काही तास शेतात, बागेत, बांधकामावर किंवा कार्यालयात काम करायचं आणि त्या कामातून आपल्या शिक्षणाचा, जेवणाचा खर्च भागवायचा. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचं वाक्य याच योजनेतून जगलं गेलं. प्रा. एन. डी. पाटील यांनी तरुणपणी शिवाजी कॉलेजात शिकवताना ही योजना सांभाळली होती. पुढे ते राज्याचे मंत्री झाले आणि अनेक वर्षं रयतचे चेअरमनही. बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन संस्थेच्याच कामाला लागले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आज पुण्याचं विद्यापीठ आपल्या महाविद्यालयांत हीच योजना कर्मवीरांच्या नावाने चालवतं. ग्रंथालयात, कार्यालयात, आवारात तासाच्या हिशेबाने काम आणि त्याचे पैसे.

या योजनेचं कौतुक करताना लोक श्रमप्रतिष्ठेवर थांबतात. मला तिच्यातली आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. तिने ‘फी परवडत नाही’ हे वाक्य मुलाच्या तोंडून काढून घेतलं, आणि ते काढताना त्याला कुणाच्या उपकाराखाली ठेवलं नाही. गरीब घरातलं मूल शाळा सोडतं तेव्हा पुष्कळदा ते आई-बापांची ओढाताण पाहून स्वतःच सोडतं. बाप नको म्हणत नाही, मूलच म्हणतं की मला शिकायचं नाही. त्या मुलाला आपण घरावर ओझं नाही ही खात्री द्यावी लागते, आणि ती भाषणाने मिळत नाही.

आजच्या हायस्कुलाकडे येऊ. फीचा प्रश्न शालेय पातळीवर बराच सुटला आहे. एस.टी. महामंडळाचा पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या नावाचा मोफत पास ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत मिळतो. त्या एका पासाने किती मुलींचं शिक्षण सातवीवरून दहावीवर गेलं, हे कुठल्याही तालुक्याच्या स्टँडवर सकाळी साडेनऊला उभं राहिलं तर डोळ्यांना दिसतं. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. एनएमएमएस म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं आणि मूल निवडलं गेलं, तर नववी ते बारावी अशी चार वर्षं वर्षाला 12,000 रुपये मिळतात. चांगल्या शाळा या परीक्षेसाठी सातवीच्या उन्हाळ्यापासून तास घेतात. रक्कम तर उपयोगी पडतेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही शिष्यवृत्ती बारावीपर्यंत बांधलेली आहे. तेरा वर्षांच्या मुलीच्या घरात ‘बारावीपर्यंत’ हा शब्द पहिल्यांदा येतो तो कित्येकदा या कागदावरून. नववीनंतर स्थळ बघायला निघालेल्या घराशी बोलताना सरांच्या हातात काहीतरी असतं.

ऊसतोडीच्या पट्ट्यात गोष्ट आणखी अवघड होते. दसरा झाला की ऊसतोड कामगारांच्या जोड्या कारखान्याच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. दहावीचं अर्धं वर्ष आणि बोर्डाची परीक्षा नेमकी त्याच काळात. मुलाला आजीजवळ ठेवायचं, हंगामी वसतिगृहात ठेवायचं की बरोबर न्यायचं, हा निर्णय सप्टेंबरात होतो. म्हणून ज्या शाळा मुलं टिकवतात त्यांच्या शिक्षकांच्या घरभेटी सप्टेंबरात असतात. फेब्रुवारीच्या जादा तासांना येण्यासाठी मूल आधी गावात असायला हवं. मुलींच्या बाबतीत हा निर्णय आणखी नाजूक असतो, कारण मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं या काळजीतूनच तिचं लग्न लवकर उरकलं जातं. रात्रीची अभ्यासिका, परीक्षेआधी शाळेतच मुक्काम, एका शिक्षकाकडे आठ-दहा मुलांची जबाबदारी असे प्रयोग अनेक शाळा करतात. त्यांत अभ्यास होतोच. शिवाय मुलाच्या घरची बातमी शाळेला वेळेत कळते, आणि मला यातला मोठा फायदा तो वाटतो.

दहावीनंतरचा टप्पा मात्र अजून कच्चा आहे. ज्या गावात ‘माध्यमिक व उच्च माध्यमिक विद्यालय’ अशी पाटी आहे, म्हणजे त्याच आवारात अकरावी-बारावी आहे, तिथे मुलगी बारावी होण्याची शक्यता कितीतरी वाढते. तोच रस्ता, तेच सर, त्याच मैत्रिणी. पण अशा ठिकाणी पुष्कळदा फक्त कला शाखा असते. विज्ञानासाठी तालुक्याला जावं लागतं. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. मोठ्या शहरांना ही पद्धत सवयीची होती, खेड्याला नवी. दहा पसंती भरायच्या म्हणजे कुठली दहा, पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळाल्यावर प्रवेश घेतला नाही तर काय होतं, आपल्याच शाळेच्या इनहाऊस कोट्याचा उपयोग कसा करायचा, हे सांगणारं माणूस शाळेतच असलं पाहिजे. नाहीतर ते काम चौकातल्या नेट कॅफेवाल्याकडे जातं आणि मुलाचं गणित त्याच्या घाईवर अवलंबून राहतं.

मग कागद. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, विज्ञान शाखेच्या आरक्षित वर्गातल्या मुलाला जात वैधता, आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. 2024 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. शासनाने उचललेलं हे फार मोठं पाऊल आहे. पण ते पाऊल ज्या दारापर्यंत येतं तिथे हे सगळे दाखले मागितले जातात. पणजोबाच्या नावाचा जुना जन्म-मृत्यू उतारा किंवा शाळेचा दाखला शोधायला महिने लागतात, आणि बारावीचा निकाल ते प्रवेश यांत आठवडे असतात. हे ओळखून जी शाळा नववीतच मुलांच्या कागदांची फाइल करायला लावते, महसूल खात्याचं शिबिर आवारात बोलावते, ती शाळा माझ्या मते गणिताच्या दहा जादा तासांइतकं काम करते. जात वैधता समितीपुढची तारीख चुकल्यामुळे गेलेलं वर्ष कुठल्याच निकालपत्रात दिसत नाही.

आणि राहण्याचा प्रश्न शंभर वर्षांनंतरही पहिल्याच जागी आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अकरावीपासून आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, पण तो व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यावर. अकरावी विज्ञानाला तालुक्याला जाणारी सोळा वर्षांची मुलगी, जी या कुठल्याच रकान्यात बसत नाही, तिला रोजची चाळीस किलोमीटरची एस.टी. किंवा नातेवाइकांचं घर एवढेच पर्याय उरतात. तालुक्याच्या प्रत्येक विज्ञान कनिष्ठ महाविद्यालयाला लागून मुलींचं वसतिगृह असावं, ही मागणी शाळांनी आणि पालकांनी मिळून लावून धरली पाहिजे. संस्थांचे माजी विद्यार्थी नव्या प्रवेशद्वारांना आणि सभागृहांना देणग्या देतात. त्यांनी वीस खाटांच्या खोल्यांना द्याव्यात, असं मी आग्रहाने म्हणेन.

ज्यांची वाट मधेच तुटली त्यांच्यासाठीही शाळेचं काम संपत नाही. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. 2015 पासून जून-जुलैच्या सुमाराला पुरवणी परीक्षा होते, त्यामुळे वर्ष वाचू शकतं. शाळा पूर्वीच सोडलेल्यांना 17 नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बसता येतं. या तिन्ही सोयी नियमात आहेत, पण नापास झालेलं मूल निकालानंतर शाळेकडे फिरकत नाही आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीला फॉर्मची तारीख कळत नाही. तिची जाऊ, नणंद किंवा शेजारची विद्यार्थिनी यांच्यामार्फत निरोप पाठवून फॉर्म भरून घेणारे मुख्याध्यापक आणि बाई खेड्यांत आहेत. त्या मुली दोन-तीन वर्षांनी, कधी कडेवर मूल घेऊन, त्याच परीक्षा केंद्रावर येतात, दहावी होतात, आणि त्यांतल्या काही पुढे मुक्त विद्यापीठात नाव घालतात.