निळ्या रंगाविना समुद्र

चाच्याने शिडात खंजीर खुपसला आणि मुठीला लटकून तो सरसरत खाली आला. मागे कापड टराटरा फाटत गेले. १९२६ च्या ‘द ब्लॅक पायरेट’ या मूकपटातली डग्लस फेअरबँक्सची ही करामत पुढे कित्येकांनी उचलली. मुळात शीड तिरके ताणलेले होते, कॅमेराही तिरका होता आणि नटाचा भार पेलायला दडवलेली वजने होती.

त्या काळी याहून मोठे धाडस होते ते रंगाचे. चाच्यांची गोष्ट काळ्या-पांढऱ्यात सांगण्यात मजा नाही, असे फेअरबँक्सचे मत. पण रंगांमुळे डोळे शिणतात, कथेवरचे लक्ष उडते, हा आक्षेप तेव्हा सर्रास घेतला जाई. म्हणून आधी भरपूर चाचण्या झाल्या आणि भडकपणाला चाट मिळाली. कला दिग्दर्शक कार्ल ऑस्कर बोर्ग यांनी पडदा जुन्या तैलचित्रासारखा तपकिरी-हिरव्या छटांत ठेवला.

हा संयम तंत्राच्याही पथ्यावर पडला. हा चित्रपट ज्यात टिपला, त्या टेक्निकलर कंपनीच्या तंत्राला तेव्हा दोनच रंग ठाऊक होते. भिंगामागचा लोलक प्रकाश दुभागायचा. एक चौकट लाल गाळणीतून टिपली जाई, दुसरी हिरव्या. मग लाल नोंदीची पट्टी निळसर-हिरव्या रंगात आणि हिरव्या नोंदीची नारिंगी-तांबड्या रंगात रंगवून दोन्ही पाठीला पाठ लावून चिकटवत. कातडी, लाकूड, रक्त झकास उठे. अस्सल निळा मात्र काही केल्या येत नसे. समुद्रावरच्या चित्रपटात समुद्रच हिरवट!

खरी डोकेदुखी चित्रगृहात सुरू झाली. प्रोजेक्टरच्या उष्णतेने जोडपट्टी कधी इकडे, कधी तिकडे फुगायची आणि पडद्यावरचे चित्र अचानक धूसर व्हायचे. दोन्ही अंगांना रंगाचा थर असल्याने ओरखडेही दुप्पट. बिघडलेल्या प्रती परत मागवून सरळ करण्यात टेक्निकलरची दमछाक झाली. १९२८ मध्ये एकाच फिल्मवर रंग छापण्याची पद्धत आली, तेव्हा कुठे हे चिकटवणे सुटले.

फेअरबँक्सच्या उड्यांची मोहिनी मुंबईपर्यंत पोचली होती. ‘आलम आरा’चे नायक मास्टर विठ्ठल यांना लोक ‘भारताचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणत.

टेक्निकलरला तिसरा रंग गवसला १९३२ मध्ये, डिस्नेच्या ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ या छोट्या कार्टूनपटात. १९३४ मध्ये आलेला फेअरबँक्सचा अखेरचा चित्रपट मात्र पुन्हा काळा-पांढराच होता.