राजाराम बंधाऱ्याची पट्टी काय सांगते

पावसाळ्यात सगळ्या कोल्हापूरचं लक्ष कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याकडे असतं. पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगा नदी इथे ५५ फुटांच्या पुढे गेली, म्हणजे धोक्याच्या खुणेवर आणखी १२ फूट पाणी, जवळजवळ एक अख्खा मजला! तीन वर्षांत दोनदा असं झाल्यावर नदीकाठच्या शेतात मुरूम टाकून प्लॉट पाडणं थांबलंच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. नदीला पसरायला हीच शेतं असतात. ऊस चार दिवस पाण्यात उभा राहू शकतो, पण भराव तेच पाणी शेजारच्या गल्लीत ढकलतो.

यावर लोक कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवतात. धरणातल्या पाणीसाठ्यावर कर्नाटकाशी बोलायलाच हवं. पण पुराच्या अभ्यासासाठी नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचं मुख्य खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं. अतिवृष्टीबरोबर पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडेही लक्ष वेधलं होतं. शिवाय भराव रोखायला बंगळुरूची परवानगी लागत नाही. जमीनमालकाचं काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन फुकट अडकवून ठेवणं अन्यायच. त्याला टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) किंवा रोख मोबदला द्या, आणि तो वेळेत द्या. मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला बावडेकरांनी निळ्या पूररेषेतल्या भरावाबद्दल आधी विचारावं, गटारी-रस्त्यांचं नंतर.