कपाशी आणि केळी : एका शिवारातले दोन कायदे

आर्थिक स्वातंत्र्याची चर्चा आपल्याकडे बहुधा शहराच्या अंगाने होते. परवाने, कारखाने, परकी भांडवल, १९९१ चे धोरण हे तिचे ठरलेले विषय. शेतकरी त्या चर्चेत येतो तो ज्याला सांभाळायचे असा माणूस म्हणून. ज्याचे स्वातंत्र्य काढून घेतले गेले असा माणूस म्हणून क्वचितच. उदारमतवादी अर्थविचाराचा मूळ प्रश्न मात्र त्याच्याच बांधावरचा आहे. स्वतःच्या कष्टाने पिकवलेला माल कोणाला, कुठे आणि कधी विकायचा, हे कोणी ठरवायचे? खान्देशात या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ग्रंथ उघडावे लागत नाहीत. चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत कपाशी आणि केळी शेजारी शेजारी उभ्या असतात. माती तीच, तापीचे खोरे तेच, पुष्कळदा कुटुंबही तेच. तरी तीस वर्षे या दोन पिकांना दोन निरनिराळे न्याय लावले गेले. त्याचे परिणाम तपासले की स्वातंत्र्याच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखे जे काही आहे, ते बहुतेक सगळे समोर येते.

कापूस एकाधिकार खरेदीचा कायदा १९७१ चा. योजना १९७२ च्या हंगामापासून सुरू झाली. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. व्यापारी भाव पाडतात, मापात मारतात, सावकाराच्या कर्जात अडकलेला शेतकरी पीक हाती येताच मिळेल त्या दराने विकून मोकळा होतो, हे खरेच होते. त्यावर उपाय असा निघाला की राज्यात शेतकऱ्याकडून कापूस फक्त सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा आणि तो राज्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. व्यापारी गेला, पण त्याच्या जागी दुसरा आला तो एकटाच होता, आणि एकट्या गिऱ्हाइकापुढे विकणाऱ्याचे काही चालत नाही. खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागत, माल भरायला जागा नाही म्हणून खरेदी थांबे, ग्रेडरच्या एका नजरेत कापसाची प्रत ठरे. ती प्रत पटली नाही तर गाडी वळवून नेण्यासाठी दुसरे दार नव्हते. चुकारे लांबत. जिनिंगवाल्याची अवस्थाही वेगळी नव्हती. रुई विकून नफा-तोटा सोसणारा उद्योजक ठरलेल्या दराने सरकी वेगळी करून देणारा मजूर-कंत्राटदार झाला. रुई स्वच्छ ठेवली तर चार पैसे जास्त मिळतील, हा हिशेबच संपल्यावर नवी यंत्रे घेण्याची निकड कोणाला वाटणार?

खान्देशाला या योजनेचा अर्थ इतरांपेक्षा आधी कळला, कारण तो सीमेवरचा मुलूख आहे. शिरपूरच्या पुढे घाट ओलांडला की सेंधवा, शहाद्यापासून जवळच खेतिया, रावेरपलीकडे बऱ्हाणपूर; पश्चिमेला गुजरात. बाहेर भाव चढला की महाराष्ट्राचा कापूस चोरवाटांनी तिकडे जाई, आणि आपलेच पीक घेऊन जाणारा शेतकरी कायद्याच्या लेखी गुन्हेगार ठरे. बाहेर भाव पडला की उलट घडे. परराज्यातला कापूस महाराष्ट्रातल्या केंद्रांवर येई आणि त्याचा तोटा राज्याच्या तिजोरीत जमा होई. ज्या कायद्याला तेजीत शेतकरी चुकवतो आणि मंदीत व्यापारी वापरून घेतो, तो कायदा नेमके कोणाचे रक्षण करतो?

हे एकट्या महाराष्ट्राचे दुर्दैव नव्हते. पीटर बॉवर या अर्थशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या व्यापारावर ग्रंथ लिहिला, त्यात कोकोची मक्तेदारीने खरेदी करणाऱ्या सरकारी मंडळांचा हिशेब मांडला. भावातले चढउतार सौम्य करण्यासाठी निघालेली ती मंडळे शेतकऱ्याला जागतिक भावापेक्षा बरेच कमी देत राहिली आणि वरची रक्कम सरकारच्या हाती साठत गेली. बॉवरचा निष्कर्ष असा की गरीब देशातला अडाणी समजला जाणारा शेतकरी किमतीचे इशारे नीट ओळखतो. अडथळा असतो तो त्याला मोकळीक न देणाऱ्या व्यवस्थेचा. महाराष्ट्रात हीच गोष्ट शेतकऱ्याच्या भाषेत सांगितली ती शरद जोशींनी. चाकणच्या कांदा आंदोलनापासून शेतकरी संघटनेची सुरुवात रास्त भावाच्या मागणीने झाली. पण सरकारकडून भाव मागता मागता जोशी या निर्णयाला आले की भाव पाडण्याचे कामच सरकार करते. निर्यातबंदी, झोनबंदी, सक्तीची खरेदी यांतून शेतकऱ्याला मिळते ती उणे सबसिडी, हा त्यांचा शब्द. शेतमालाचा जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध देशभर शेतकरी-आंदोलने गाजत असताना त्याचे उघड स्वागत करायला धैर्य लागत होते, आणि ते त्यांनी दाखवले.

आता केळीकडे पाहू. केळीला हमीभाव नव्हता, आजही नाही. तिची सक्तीची खरेदी कोणी केली नाही, जिल्ह्याबाहेर जाण्यास बंदी घातली नाही. सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून केळीचे वॅगन उत्तरेकडे जात. पुढे ट्रक थेट बांधावर आले. या पिकात शेतकऱ्याने जे केले ते कोणत्याही पंचवार्षिक योजनेत लिहिलेले नव्हते. बसराई आणि श्रीमंती या वाणांच्या जागी ऊतिसंवर्धित ग्रँड नैन आली, मोकाट पाण्याच्या जागी ठिबक आले. जळगावातच भवरलाल जैन यांनी उभ्या केलेल्या उद्योगाने रोपे आणि नळ्या दोन्ही पुरवल्या. पण त्या विकत घेण्याचा धोका हजारो कुटुंबांनी आपापल्या हिशेबाने पत्करला. बाग लवकर कापणीला येऊ लागली, घड भरले, केळी आखाती देशांत पोचली. एकाच घरातला माणूस कपाशीत जुन्या चाकोरीतून चालतो आणि केळीत जगातले नवे तंत्र आणतो, याचा खुलासा त्याच्या स्वभावात सापडत नाही. तो त्याला मिळालेल्या मोकळिकीतच सापडतो.

यावर पहिला आक्षेप असा की केळीचा शेतकरीही लुटला जातो. हे खरे आहे. बोर्डावर भाव जाहीर होतो एक आणि बांधावर हातात पडतो दुसरा. माल कापणीला आला की तो थांबत नाही, आणि ही घाई व्यापाऱ्याला पक्की ठाऊक असते. पैसे बुडवून पळालेल्या व्यापाऱ्यामागे शेतकऱ्याला वर्षानुवर्षे धावावे लागते. पण स्वातंत्र्य म्हणजे बेबंद बाजार, असे अॅडम स्मिथपासून कोणत्याही जबाबदार उदारमतवाद्याने म्हटलेले नाही. खरे माप, पाळला जाणारा करार, तत्पर न्याय ही सरकारची पहिली कामे आहेत. खान्देशाला याचा जुना अनुभव आहे. १९२७ च्या मुंबई इलाख्याच्या कापूस बाजार कायद्याखाली धुळ्यात कापसाचा नियंत्रित बाजार उभा राहिला, तेव्हा त्याचे काम लिलाव उघड करणे आणि तोलमापावर लक्ष ठेवणे हे होते. बाजाराला नियम घालून देणे वेगळे आणि सरकारनेच एकमेव गिऱ्हाईक होणे वेगळे. पुढे बाजार समितीबाहेर माल विकण्यावरच बंधन आले, तिथे संरक्षणाची कोंडी झाली; फळे-भाज्यांपुरती ती २०१६ मध्ये सुटली.

दुसरा आक्षेप जड आहे. २००२ नंतर कापसाची खासगी खरेदी मोकळी झाली, आणि त्याच दशकात विदर्भातल्या कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांनी महाराष्ट्र हादरला. शिवाय अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अनुदाने देत असताना आपला कोरडवाहू शेतकरी कोणत्या बाजारात टिकणार? हे दुःख बाजूला सारून कोणताही सिद्धान्त मांडू नये. पण मोकळे काय झाले, याची नीट नोंद घेतली पाहिजे. दाराशी दुसरा खरेदीदार आला, एवढेच; निर्यात-आयातीची दोरी सरकारच्याच हाती राहिली. १९ एप्रिल २०१० ला कापूस निर्यातीची नोंदणी थांबवली गेली. ५ मार्च २०१२ ला निर्यातबंदी आली आणि आठवडाभरात मागे घ्यावी लागली. तेवढ्यात भाव कोसळायचे ते कोसळले. २०२१ मध्ये आयातीवर ११ टक्के शुल्क बसले, ते ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर, उचलले गेले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. मुक्त आयातीला तत्त्वतः विरोध करणार नाही असा माणूसही हे मान्य करील की गिरणीला जगाचे दार उघडे आणि शेतकऱ्याला हंगामानुसार बंद, याला खुला व्यापार म्हणत नाहीत. बियाण्याचेही तेच. तणनाशक सहन करणाऱ्या वाणाला परवानगी नसल्याने तो चोरून, बिलाशिवाय विकला जातो, आणि फसला तर शेतकऱ्याला तक्रारही करता येत नाही. अमेरिकी अनुदानांविरुद्ध बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे देश २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत उभे राहिले, ते अनुदाने काढा म्हणत. राहिला आधाराचा प्रश्न, तर मंदीत हमीभावाने घेणारा सरकारी खरेदीदार असू द्यावा, अनेकांतला एक म्हणून. सक्तीचा एकमेव म्हणून नको.

एका ठिकाणी मात्र उदारमतवादाला थांबून विचार करावा लागतो. यावल-रावेरच्या केळीने सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल खोल नेले. पाण्यावर कोणाची मालकी हे ठरलेले नसताना आणि विजेची खरी किंमत पंपापर्यंत पोचत नसताना एकाचे स्वातंत्र्य शेजाऱ्याची विहीर कोरडी करते. तिथे गावाने मिळून घातलेली मर्यादा लागेल, आणि ती मागणे हे स्वातंत्र्याशी विसंगत नाही.

१९३६ साली याच यावल तालुक्यातल्या फैजपुरात काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले. तिथल्या शेतीविषयक ठरावात सारा आणि खंड कमी करण्याची, म्हणजे शेतकऱ्यावरचे ओझे उतरवण्याची मागणी होती. आज ते ओझे साऱ्याचे नाही, हंगामाच्या मध्यात निघणाऱ्या अधिसूचनेचे आहे. पेरणी झाल्यापासून कापूस विकला जाईपर्यंत निर्यातीचे आणि आयातशुल्काचे नियम बदलणार नाहीत, एवढी एक तरतूद कायद्यात यावी, म्हणून जळगाव-धुळ्याच्या मतदारांनी आपल्या खासदारांकडे आग्रह धरावा.