इस्लाममध्ये जात नाही, मग ‘मुस्लिम ओबीसी’ कुठून आले? जालन्याने पुढे आणलेल्या प्रश्नाची गोष्ट

जालना आणि आरक्षण म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतं ते आंतरवाली सराटी आणि मनोज जरांगे यांचं २०२३ चं उपोषण. पण त्याच्या कितीतरी आधी आरक्षणाच्या आणखी एका चळवळीत जालन्याचं नाव गाजलं होतं. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींना संघटित केलं. पुढे अभिनेते दिलीपकुमारही या चळवळीच्या व्यासपीठावर आले.

पण इस्लाममध्ये तर सगळे समान मानले जातात. मग मुसलमानांमध्ये ओबीसी कसे?

इस्लाम मराठवाड्यात कसा रुजला?

१३१८ मध्ये देवगिरीच्या यादवांची सत्ता संपली. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने देवगिरीचं दौलताबाद करून तिथे राजधानी हलवली. दिल्लीहून अधिकारी, सैनिक, व्यापारी आले, तसे सूफीही आले. त्यांच्यापैकी बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा खुलताबादला आहे. पुढे बहामनी, निजामशाही, मुघल आणि १९४८ पर्यंत हैदराबादचा निजाम अशा सत्ता आल्या.

या काळात स्थानिक लोकही मुसलमान झाले. हे एका दिवसात घडलं नाही आणि त्याचं कारणही एकच नव्हतं. सत्तेची जवळीक, दर्ग्यांवरची श्रद्धा, व्यापारातले संबंध असं बरंच काही त्यामागे होतं.

धर्म बदलला, धंदा तोच राहिला

विणकर मुसलमान झाला, तरी तो मागावरच बसला. त्याला मोमीन किंवा अन्सारी म्हणू लागले. कापूस पिंजणारा पिंजारी, अत्तर विकणारा आतार, पानं विकणारा तांबोळी, भाजीपाला-फळं विकणारा बागवान, बांगड्या भरणारा मणियार. धंदा बापाकडून मुलाकडे जात राहिला आणि सोयरिकीही बहुतेक आपापल्यातच होत राहिल्या.

गावगाड्याने तर मुलाण्याला चक्क वतन दिलं. मशीद-पिराची देखभाल आणि बकरं हलाल करणं हे त्याचं काम. गावातली हिंदू घरंही बकरं कापायला त्यालाच बोलवायची. त्याबदल्यात सुगीला त्याला धान्य मिळायचं. काही ठिकाणी त्याची गणना थेट बलुतेदारांतच होते.

म्हणजे इस्लामने गाव बदललं, तसं गावानेही इस्लामला आपल्या चौकटीत बसवून घेतलं.

हे फक्त इथेच घडलं का?

नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या माली साम्राज्याचा राजा मन्सा मुसा १३२४ मध्ये मक्केच्या यात्रेला गेला, इतका तिथे इस्लाम रुजला होता. तरीही तिथल्या मांदे समाजात लोहार आणि राजांच्या वंशावळी गाणारे ‘जेली’ यांचे पिढीजात गट टिकले. अशा कुळांत बाहेरच्या लोकांनी सहसा सोयरीक केली नाही.

मग आरक्षणाशी संबंध काय?

१९९० मध्ये मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली. आयोगाने मागासलेपण धर्मावरून नाही, तर सामाजिक आणि शैक्षणिक स्थितीवरून ठरवलं होतं. त्यामुळे मुस्लिम जातीही यादीत आल्या. अन्सारींच्या चळवळीचं म्हणणं नेमकं हेच होतं: आरक्षण मुसलमान म्हणून नको, विणकर, पिंजारी, तांबोळी म्हणून द्या.

अडचण कागदाची होती. शाळेच्या दाखल्यावर अनेकांच्या जातीच्या रकान्यात फक्त ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. मग पिंजारी असल्याचा पुरावा आणायचा कुठून?

दुसरा प्रश्न तर अजून सुटलेला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. मुसलमान आणि ख्रिश्चन आजही बाहेर आहेत. म्हणजे तांबोळ्याची जात धर्म बदलल्यावरही सरकार मान्य करतं. पण ज्याच्या पूर्वजांनी अस्पृश्यता सोसून इस्लाम स्वीकारला, त्याची अनुसूचित जात मात्र कागदावर धर्मांतरासोबतच संपते. गावात ती संपली का, हे गावालाच विचारावं लागेल.