पूर्वीची मेथी कुठे गेली?

"पूर्वीची मेथी राहिली नाही," असे घरातले वयस्कर माणूस पानावर बसल्या बसल्या म्हणते आणि बाकीचे माना डोलावतात. संकरित बियाणे, रासायनिक खत, गटाराचे पाणी, असे सगळे आरोपी ठरलेले असतात. त्यांत तथ्य मुळीच नाही असे नव्हे. पण एक आरोपी कधीच पकडला जात नाही, कारण तो जेवणाऱ्याच्याच चेहऱ्यावर मधोमध बसलेला असतो. तो म्हणजे नाक.

साखर आणि वेलची एकत्र कुटा. नाक चिमटीत धरून त्यातली चिमूटभर पूड जिभेवर ठेवा. गोड लागेल, पण वेलची लागणार नाही. नाक सोडताच ती तोंडभर उमटेल. जिभेला एकटीला फार थोडे कळते: गोड, आंबट, खारट, कडू आणि पिकल्या टोमॅटोत किंवा मटणाच्या रश्श्यात असते ती भरीव 'उमामी' चव. मेथीचे मेथीपण आणि शेपूचे शेपूपण हे घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचे काम आहे. हे वास टिपणाऱ्या ग्राहींचे माणसाच्या नाकात सुमारे ४०० प्रकार असतात. या ग्राहींच्या जनुकांचे कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये उजेडात आणले आणि २००४ चे नोबेल त्यांना मिळाले.

अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नखाने खरवडल्यावर वास सोडणारे ४० कागदी नमुने तयार केले आणि ५ ते ९९ वर्षे वयाच्या १,९५५ लोकांना ते हुंगायला दिले. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: ६५ ते ८० या वयातल्या निम्म्याहून अधिक लोकांची वास ओळखण्याची क्षमता बरीच घटलेली होती, आणि ऐंशीच्या पुढे तर तीन चतुर्थांशाहून अधिकांची. नाकाच्या छताशी चाळणीसारखे एक हाड असते. वासाच्या चेता त्याच्या भोकांतून मेंदूकडे जातात आणि वयाबरोबर ही भोके बुजत जातात. वासाच्या चेतापेशी जन्मभर नव्याने तयार होत राहतात, हा शरीरातला एक दुर्मिळ चमत्कारच आहे. पण उतारवयात तोही मंदावतो. सगळे इतक्या हळूहळू घडते की ज्याचे नाक जाते त्यालाच पत्ता लागत नाही. डोळ्यांना चष्मा लागतो तेव्हा अक्षरे पुसट दिसू लागतात. नाकाचे तसे नाही, म्हणून दोष मेथीच्या माथी बसतो.

याची झळ भाजीलाच जास्त का लागते, हे पाहण्यासारखे आहे. शिऱ्यात साखर आणि तूप असते, फरसाणात मीठ आणि तेल. वास गेला तरी जिभेला तिथे काही तरी सापडते. भाजीत साखर थोडी, स्निग्धता जवळजवळ नाही. तिचा सारा डौल वासाचा, आणि तो वजा केला की उरतो कडवटपणा, तुरटपणा आणि चोथा. मग हात लोणच्याकडे जातो, पानात वरून मीठ पडते, आणि घरचे म्हणतात, म्हातारपणी जिभेचे चोचले वाढले. खरे तर ते नाकाचे दारिद्र्य असते.

कडवटपणा तरी सगळ्यांना सारखा कुठे लागतो? १९३१ मध्ये अमेरिकेत विल्मिंग्टनच्या ड्यूपॉन्ट प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स एका रसायनाची पूड ओतत होते. ती उडाली तेव्हा शेजारचा सहकारी कडू, कडू म्हणून तक्रार करू लागला. फॉक्सना मात्र काहीच चव लागेना. यातून चवीच्या आनुवंशिकतेचा अभ्यास सुरू झाला आणि २००३ मध्ये त्यामागचे जनुकही सापडले. कोबी, मुळा, मोहरीच्या कुळातल्या भाज्या काहींना जन्मापासून इतरांपेक्षा कडू लागतात त्यात या जनुकाचा वाटा आहे. तेव्हा ऐंशी वर्षे कोबीला नाक मुरडणारे आजोबा हट्टी असतीलच असे नाही.

वासाची तूट भरून काढता येते का? ड्यूक विद्यापीठातल्या सुसान शिफमन यांनी वृद्धांच्या जेवणातला वास मुद्दाम वाढवून पाहिला, तेव्हा ते अन्न जास्त खाल्ले गेले. आपल्याकडे हे काम फोडणी करते. हिंग, लसूण, मोहरी यांचे सुगंधी घटक तेलात चांगले उतरतात, आणि वरून ओतलेली लसणाची चरचरीत फोडणी मंद नाकालाही जागे करते. मीठ वाढवण्यापेक्षा हे बरे, विशेषतः रक्तदाब असेल तर. 'वयस्करांसाठी' म्हणून बिनफोडणीची, मिळमिळीत, उकडलेली भाजी वाढण्याची पद्धत मला तरी उफराटी वाटते.

नाकानंतर दातांचा नंबर. कवळीखाली वांग्याचे किंवा टोमॅटोचे बी अडकले की टोचते. पालेभाजीचा धागा चिकटून बसतो. काकडी, गाजर, गवार यांचा नाद सुटतो. जपानने हा प्रश्न मुळापासून हाती घेतला. १९८९ मध्ये तिथे '८०२०' मोहीम सुरू झाली: वयाच्या ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात शिल्लक हवेत, कारण तेवढ्यांवर बहुतेक सगळे चावून खाता येते. तेव्हा हे साधलेले लोक जेमतेम सात टक्के होते. २०१६ च्या पाहणीत ते ५१ टक्क्यांवर गेले. ज्यांचे दात गेलेच, त्यांच्यासाठी मराठी स्वयंपाकघराने उत्तरे केव्हाच शोधून ठेवली आहेत: वांग्याचे भरीत, अळूचे फतफते, ताकातला चाकवत, डाळ घालून घोटलेला पालक, सोलापूरकडचे गरगट्टे.

'वातूळ' हा शब्द आणखी काही भाज्या पानाबाहेर काढतो. फ्लॉवर, कोबी यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू धरतो. तक्रार खरी आहे. पण तिच्या जोडीला एक गोष्ट असते जिच्याकडे लक्ष जात नाही: पाणी. वयाबरोबर तहान कमी लागते, शिवाय रात्री उठावे लागेल या धास्तीने संध्याकाळनंतर पाणी पिणेच बंद होते. पाण्यावाचून भाजीचा चोथा पोट साफ करण्याऐवजी जड करतो, आणि ठपका पुन्हा भाजीवर.

पालेभाजी पानाबाहेर काढणाऱ्या एका औषधाची गोष्ट सर्वांत अद्भुत. १९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून वाट काढत, मेलेली गाय आणि कॅनभर न गोठणारे रक्त घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. त्याची जनावरे सडका चारा खाऊन रक्तस्रावाने मरत होती. त्या चाऱ्यातल्या द्रव्याच्या शोधातून पुढे रक्त पातळ करणारे वॉरफरिन जन्माला आले. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसाचे औषध झाले. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनाही तेच दिले गेले. भारतात त्याच गटातले एसिनोकुमारॉलही दिले जाते. ही औषधे 'के' जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतात, आणि ते जीवनसत्त्व भरपूर असते हिरव्या पालेभाजीत. त्यामुळे दवाखान्यातून एवढेच कानावर घेऊन माणूस घरी येतो की "पालेभाजी बंद". सल्ला बहुतेक वेळा तसा नसतो. पालेभाजी दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात असावी, एकदम वाढू नये आणि एकदम सुटूही नये, म्हणजे गोळीचा डोस बसवता येतो. रक्त पातळ करणारी प्रत्येक गोळी या जातीची नसते, हेही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

शरीराचे इतके पुराण सांगितले, तरी भाजी पानात येते की नाही हे शेवटी घर ठरवते. मेथीची जुडी निवडायला अर्धा तास लागतो. बोटे संधिवाताने आखडलेली, अळी दिसेल अशी नजर नाही, मंडई लांब आणि जिना चढायचा. त्यात जुडी चौघांची आणि खाणारा एक. "एकट्यासाठी काय भाजी करायची?" हे वाक्य उच्चारले गेले की त्या रात्री दूधभात ठरलेला. ज्यांनी कधी गॅस पेटवला नाही अशा विधुर पुरुषांची अवस्था त्याहून बिकट.

आठवणींचे वजन दुहेरी असते. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची मिलो ज्वारी आणि रानातला पाला खाऊन दिवस काढलेल्या माणसाला टाकळ्याची भाजी नातवंडांसारखी नवलाची वाटेलच असे नाही. कोणाला ती आईची आठवण देते, कोणाला भुकेची. उलट सणांची दिनदर्शिका अनेकांना भाजीशी बांधून ठेवते. कांदेनवमीला कांदा-वांग्याचा निरोप, चातुर्मासानंतर चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याने वांग्याचे पुनरागमन, ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाशिवाय पिकलेल्या भाज्यांची मिसळण. घरात हे कोणाला तारीखवार पाठ असेल, तर ते बहुधा सत्तरीच्या पुढच्या बाईलाच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचवली आहेत. एकट्या वृद्धाच्या कढईत एवढी भाजी चढणे अवघड आहे. येत्या जानेवारीत भोगीची भाजी कराल तेव्हा ओल्या हरभऱ्याचे सोलाणे काढायला आजींच्या पुढ्यात ताट ठेवा, आणि फोडणी त्यांना विचारून घाला.